सकाळची पहिली बाटली

लघवीबद्दल आमच्या सरांइतका आदर बाळगणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. लोक फुलांकडे बघतात, आभाळाकडे बघतात, तसे सर बाटलीतल्या पिवळ्या पाण्याकडे बघत, तेही उजेडासमोर धरून, एक डोळा मिटून. "बाई, हे टपाल आहे," ते मला म्हणत. "शरीर रोज सकाळी पत्र लिहितं. अंडं तयार होतंय, झालं, आज काही नाही, उद्या बघू. आणि माणूस ते पत्र न वाचता ओतून मोकळा होतो." हे त्यांनी मला पहिल्या दिवशी ऐकवलं, दुसऱ्या दिवशीही ऐकवलं, आणि पुढे आमच्याकडे जो कुणी जिना चढून आला, मग तो मीटर बघणारा असो की पोस्टमन, त्यालाही ऐकवलं. पोस्टमन बिचारा बराच वेळ स्वतःच्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघत उभा होता.

सर मूळचे मोरिवलीच्या एका रंगाच्या कंपनीतले. अठरा वर्षं त्यांनी तिथे तपासणी विभागात रंगांच्या छटा जुळवल्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षी एक दिवस घरी येऊन काकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, सांगितलं की आता मी बायकांच्या हार्मोन्सवर संशोधन करणार. काकूंनी कणीक मळणं थांबवलं नाही. "कुठल्या बायकांच्या?" एवढंच त्यांनी विचारलं. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने सरांना तीन वर्षांचं काम दिलं होतं. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवरच्या बायकांची महिनाभर रोजची लघवी गोळा करायची, तिच्यात प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनचा जो अंश उतरतो तो मोजायचा, आणि कुणाचं अंडं कुठल्या दिवशी तयार होतं, होतं की नाही, ते शोधायचं. सरांनी अंबरनाथला पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मदतनीस हवी म्हणून पाटी लावली.

ती मदतनीस मी. ऐंशीच्या दशकातली, म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, मुलगा शाळेत जायला लागला होता आणि मला घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी हवी होती. स्त्रियांचं आरोग्य वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. मुलाखतीत सरांनी माझे मार्क विचारले नाहीत. पाण्याने भरलेली बाटली आणि झाकण पुढे सरकवून म्हणाले, "लावा." मी लावलं. त्यांनी ती बाटली स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर उलटी धरली, घड्याळात पाहून पूर्ण एक मिनिट. थेंब पडला नाही. "उद्यापासून या," ते म्हणाले. माझ्या आधी आलेल्या मुलीच्या वेळी शर्ट बदलावा लागला होता, हे मला काकूंकडून नंतर कळलं.

बाटल्यांचा त्यांना सोस होता. रुंद तोंडाची, पक्क्या झाकणाची, हातातून पडली तरी न फुटणारी बाटली हवी म्हणून त्यांनी मला उल्हासनगरचा सगळा बाजार पालथा घालायला लावला. शेवटी एका सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानात हवी तशी बाटली सापडली. तो गृहस्थ खूश झाला. "साईं, क्या भरोगे? अचार? मुरब्बा?" खोटं बोलणं सरांना येतच नसे. म्हणजे खोटं न बोलण्याचं त्यांचं व्रत नव्हतं, ती कलाच त्यांच्यात नव्हती. "लघवी," ते म्हणाले. व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "किसकी?" "बायकांची. सकाळची पहिली."  मग त्या माणसाने पुढे केलेली खोकी मागे सारली आणि वरच्या फळीवरून दुसरी काढली. "तो फिर साईं, ये ढक्कन वाली लो. वो वाली लीक करती है." सर मला बाहेर आल्यावर म्हणाले, "बघा, समजावून सांगितलं की लोक किती मदत करतात."

असं समजावलेलं ऐकून घ्यायची पाळी त्यांनी कुणावरही आणली असती. शेजारच्या मुलीच्या लग्नात लोक भांडी देत होते, साड्या देत होते, सरांनी अहेरात थर्मामीटर दिला आणि सोबत तीस चौकटींचा कागद. रोज उठल्या उठल्या तापमान लिहायचं, अंडं सुटलं की पारा किंचित चढतो, हे त्यांनी नवऱ्या मुलीला स्टेजवरच सांगायला सुरुवात केली. मागे रांग खोळंबली. मुलीच्या आईने चार दिवस घर डोक्यावर घेतलं, की आमच्या मुलीला काय ताप येतो असं यांना सुचवायचं आहे का. काकूंनी दुसऱ्या दिवशी गुपचूप एक स्टीलचा डबा नेऊन दिला. सरांच्या दोन्ही मुली तेव्हा कॉलेजात होत्या. वडील काय करतात असं कुणी विचारलं की त्या "पाण्याची तपासणी" असं सांगत. काकू मात्र सगळ्याला पुरून उरल्या होत्या. त्या म्हणायच्या, "यांना लग्नाचा वाढदिवस आठवत नाही, पण बारवीकडच्या बायकांच्या तारखा विचारा, घडाघडा सांगतील."

त्यांच्या घरी फ्रीज होता, लॅबमध्ये सुरुवातीला नव्हता. तेव्हा नमुने सरांच्या घरच्या फ्रीजमध्ये जात. आता नमुने आणि खाण्याचे पदार्थ एका फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत हा नियम. सर नियमाला पक्के. त्यांनी खाण्याचे पदार्थ बाहेर काढले. ते अख्खं वर्ष काकूंचं दूध, दही आणि कोथिंबीर वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात मुक्कामाला होती, आणि आमटीत कोथिंबीर घालायची तर काकूंना दोन जिने चढावे लागत. लॅबखालच्या गिरणीचा प्रश्न वेगळा. गिरणी सुरू झाली की आमचं टेबल थरथरायचं, आणि टेबल थरथरलं की तपासणीच्या प्लेटमधले थेंब इकडचे तिकडे. सर जिना उतरून जाऊन गिरणीवाल्याला थांबवायला सांगत. "सर, ही बाई ज्वारी घेऊन अर्धा तास उभी आहे," तो ओरडे. "आणि माझ्याकडे चोवीस बायका आहेत!" सर वरच्या पट्टीत उत्तर देत. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघत.

पण पाड्यावर गेले की हेच सर वेगळे व्हायचे असं नाही. तिथेही ते असेच असायचे, फक्त तिथल्या बायकांना त्याचं काही वाटत नसे. सुरुवातीला अडचण आली ती तारखांची. पाळी कधी आली ते लिहून ठेवा म्हटलं तर बऱ्याच जणींना लिहिता येत नव्हतं, आणि तो शब्द परक्या पुरुषासमोर उच्चारायला कुणी तयार नव्हतं. "कावळा शिवला" एवढंच त्या म्हणत, तेही पदराआडून. सर दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्याची कार्डं आणली. प्रत्येक कार्डावर चौकटी, रोज एक चौकट, आणि ज्या दिवशी कावळा शिवला असेल त्या दिवशी कोळशाने तिथे कावळा काढायचा. बायकांना ते इतकं आवडलं की विचारू नका. काहींचे कावळे ठिपक्याएवढे, काहींचे पंख पसरलेले. एका आजीने स्वतःहून कार्ड मागितलं. तिचा कावळा जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण तिला चित्र काढायचं होतं. सरांनी दिलं.

बाटल्यांचं काम सोपं ठेवलं होतं. प्रत्येकीच्या बाटलीवर तिचा नंबर आणि तारीख, आत नमुना टिकावा म्हणून चिमूटभर बोरिक पावडर, भरली की माठाच्या सावलीत ठेवायची. सोमवारी आणि गुरुवारी मी बदलापूरहून मिळेल त्या टेंपोने जाऊन त्या घेऊन यायची. मग लॅबमध्ये तपासणी, आणि आलेख. प्रोजेस्टेरॉनचा आलेख वाचायला डॉक्टर असावं लागत नाही. आधी सपाट माळ. अंडं सुटलं की चढ. मग दहाबारा दिवस डोंगर, आणि उतार संपला की पाळी. डोंगर दिसला तर अंडं झालं. महिनाभर माळच राहिला तर नाही झालं.

अकरा आणि बारा नंबरच्या बाटल्या एकाच घरातल्या होत्या. अकरा नंबर थोरली जाऊ जनाबाई, तीन मुलांची आई, हसली की अंगणभर ऐकू जाणारी. बारा नंबर धाकटी, सुमन. लग्नाला पाच वर्षं झालेली, मूल नव्हतं. तिचा नवरा दामू अंबरनाथला एका कारखान्यात पाळ्यांवर कामाला होता. घरात सत्ता सासूची. या सासूबाईंनी सरांना पहिल्याच दिवशी ओट्यावर बसवून सरळ विचारलं होतं, "सायब, तुमच्या बाटलीत कळंल का, हिला पोर व्हायाचं हाय का नाय?" सरांनी आपल्या सवयीप्रमाणे खरं ते सांगितलं, की मूल होईल की नाही ते नाही कळणार, पण अंडं तयार होतं की नाही ते कळेल. "तेवढंच सांगा मला येऊन," सासूबाई म्हणाल्या. "नसंल होत तर भातकापणीनंतर मी दामूला दुसरी करनार. पोरगी बघून ठेवलीय." हे त्या सुमनच्या समोर म्हणाल्या. सुमन दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही, पण तिने निवडलेले खडे परत सुपातच टाकलेले मी पाहिले. सर म्हणाले, "मी स्वतः येऊन सांगेन." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. असलं वचन देऊ नये. पण ते देऊन बसले.

महिना संपला. आम्ही बाटल्या तपासल्या. आमची तपासणी उलट्या रंगाची होती, हार्मोन जितकं जास्त तितका पिवळा रंग फिका. सुमनच्या ओळीतला रंग चौदाव्या दिवसापासून फिका होत गेला आणि मला हायसं वाटलं. डोंगर होता. सर मात्र नाचायचेच बाकी होते, ते वेगळ्या कारणाने. त्यांनी जनाबाईचा आलेख सुमनच्या आलेखावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. दोन रेषांमध्ये सुरीचं पातं शिरलं नसतं. चढ त्याच दिवशी, उतार त्याच दिवशी, मधला एक छोटा खड्डासुद्धा दोघींना. एका घरात राहणाऱ्या बायकांच्या पाळ्या हळूहळू जुळून येतात असं परदेशात कुणीतरी म्हटलेलं सरांनी वाचलं होतं. "पण त्यांनी तारखा विचारल्या, बाई! आपण रेणू मोजला! दोन जावा, एक चूल, एक आलेख!" त्या आठवड्यात ते जेवले किती आणि झोपले किती ते काकूंनाच माहीत. पाड्यावर जाऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं की अंडं होतं, उत्तम होतं, थोरलीसारखंच होतं. सासूबाई "बरं" म्हणाल्या. मुंबईच्या संस्थेत दोन आठवड्यांनी एक परिषद होती, तिथे सरांनी निबंध वाचायचं ठरलं. काम पुढे तीन वर्षं वाढवायचं की नाही ते तिथेच ठरणार होतं. सरांनी नवा शर्ट शिवायला टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, असं काकू म्हणाल्या.

निबंधाला जोडायचे कागद नीट लावायचं काम माझ्याकडे होतं. मी दोघींची कावळ्याची कार्डं काढली आणि हात थांबला. जनाबाईचे कावळे तिच्या आलेखाच्या उतारानंतर व्यवस्थित बसले होते. सुमनचे कावळे तिच्यापेक्षा दहा दिवस आधीच्या चौकटींत होते. म्हणजे ज्या दिवशी सुमन दूर बसली होती, त्याच दिवशी तिच्या बाटलीतलं प्रोजेस्टेरॉन डोंगराच्या माथ्यावर होतं. असं होत नसतं. मी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "कावळ्यांवर कसला विश्वास ठेवता? काढला असेल कुठल्या तरी चौकटीत."  पण पाळीत दूर बसणं अख्ख्या पाड्याला दिसतं, त्यात लपवाछपवी चालत नाही. बाटलीत काय भरलं ते कोण बघायला जातं?

गुरुवारी मी जनाबाईला विहिरीवर एकटीला गाठलं. तिने आधी हसून पाहिलं, मग घागर खाली ठेवली. "बाय, खरं सांगू? दोनी बाटल्या मीच भरल्या. ती रातभर रडायची. तिचं काय वाईट निघालं तर हिकडं दुसरी येऊन बसंल. माझं तीन पोरांचं पानी हाय, चांगलंच निघनार. तिला दिलं म्हनून माझं काय कमी झालं?" तिला याच्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. जावेच्या वाटचं पाणी भरायचं, जावेच्या वाटचं दळण आणायचं, तसंच हे. वर म्हणाली, "आनी तुमच्या सायबाला पन दोन बाटल्या भरलेल्या मिळाल्या. त्यो नाराज झाला आसता."

मी परत येताना सगळा हिशोब मांडून पाहिला. गप्प बसलं तर सुमनचं घर शाबूत, सरांचा निबंध शाबूत, माझी नोकरी शाबूत. बोललं तर तिन्ही जाणार. मी व्यवहारी बाई आहे. मी गप्पच बसले असते. पण त्या संध्याकाळी सर नवा शर्ट घालून आरशासमोर निबंध वाचायचा सराव करत होते, आणि "रेणू खोटं बोलत नाही" या वाक्याला हात वर करत होते. मला ते बघवलं नाही. मी सांगून टाकलं.

सर खुर्चीवर बसले. गिरणी चालू होती, टेबल थरथरत होतं, पण ते उठून खाली गेले नाहीत. मला वाटलं, आता निबंधाबद्दल बोलतील. पण ते म्हणाले, "म्हणजे सुमनचा एक थेंबसुद्धा माझ्याकडे नाही."

"नाही, सर."

"आणि मी त्या बाईला अंडं होतं म्हणून सांगून आलो."

"सांगितलंत ते बरंच झालं. आता राहू द्या ना सर तसंच. तिचं घर वाचलंय."

"आणि खरंच होत नसेल तर?" ते एकदम ओरडले. माझ्यावर ते ओरडले ते तेव्हाच पहिल्यांदा. "होत नसेल तर त्याला गोळी आहे, बाई! साधी गोळी! पण होत नाही हे कळलं तर गोळी. माझ्या कागदावर सगळं उत्तम आहे, मग तिला कोण देणार? अजून दोन वर्षं मूल झालं नाही की ती म्हातारी माझाच कागद पुढे करून म्हणेल, सगळं चांगलं असून होत नाही, म्हणजे पोरगीच अवलक्षणी." 

दुसऱ्या दिवशी ते पोस्टात जाऊन तार करून आले. मी सोबत होते म्हणून सांगते. तारेत त्यांनी लिहिलं, "निबंध रद्द. दोन बायका नसून एकच. क्षमस्व." खिडकीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं, सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "होतं साहेब असं कधी कधी." सर म्हणाले, "होऊ नये. नीट तपासायला हवं होतं."

मग पाड्यावर. जाताना टेंपोत मी त्यांना बजावलं होतं की तुम्ही तोंड उघडायचं नाही, मी बघते. सासूबाई ओट्यावरच होत्या. "परत कशाला बाटल्या? मागल्या येळेला झालं की सगळं." मी काहीतरी जुळवून सांगणार तोवर सर बोललेच.  "आजी, मागचा कागद चुकीचा होता. चूक माझी. मी नमुने नीट घेतले नाहीत. सुमनचं पुन्हा करावं लागेल." जनाबाई आत चुलीपाशी होती, तिच्या हातातलं भांडं वाजलं. सर तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. टेंपोत परत येताना मी म्हटलं, "सर, आज खोटं बोललात." त्यांना खरंच नवल वाटलं. "कुठे? दोन वर्षं मी बाटल्या वाटतोय. कुणाला कशाची भीती वाटते ते एकदाही विचारलं नाही. मग चूक कुणाची?"

सुमनला पटवणं सोपं गेलं नाही. तिने परसात उभं राहून आमच्याकडे न बघता विचारलं, "वाईट निघालं तर कुनाला सांगाल?"

"आधी तुला. मग तुझ्या सासूला."

"म्हंजे सांगनारच."

"सांगणारच. मी शब्द दिलाय," सर म्हणाले. "पण एकट्या तुझ्या बाटलीवरून मी काही ठरू देणार नाही. अर्धं काम तुझ्या नवऱ्याचं असतं. त्याचीही बाटली मागणार. दुसरी बायको आणायची गोष्ट कुणी काढली तर आधी त्याची बाटली मागणार."

सुमनने पहिल्यांदा मान वर केली. तिला हसू आलं होतं आणि ते दाबायचं कसं ते कळत नव्हतं. "ते द्याचे नाय सायब. मेले तरी द्याचे नाय."

"ते मी बघतो," सर म्हणाले.

तो महिना लांबला. तिचा कावळा अठ्ठावीस दिवसांनी आला नाही, तिसाव्यालाही नाही. पस्तिसाव्या दिवशी आला. प्लेट लावली तेव्हा काकूही लॅबमध्ये येऊन बसल्या होत्या, कोथिंबीर निवडत. गिरणीवाल्याने न सांगता गिरणी बंद ठेवली होती. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. दहावा दिवस, गडद पिवळा. चौदावा, गडद. अठरावा, गडद. वीस, गडद.  एकविसाव्याला मला फिका वाटला, पण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. सरांनी प्लेट उचलून उजेडासमोर धरली, एक डोळा मिटला. अठरा वर्षं रंगाच्या छटा जुळवलेला माणूस. "चढतंय," ते म्हणाले. तेविसाव्याला तर काकूंनाही दिसलं. उशिरा येत होता, पण डोंगर होता, आणि तिचा स्वतःचा होता.

आधी सुमनला आणि मग सासूबाईंना सांगायला सर एकटे गेले. काय बोलणं झालं ते जनाबाईने मला पुढच्या गुरुवारी नक्कल करून दाखवलं. सर म्हणाले, सुमनचं अंडं होतं, जरा उशिरा होतं, आता दामूला पाठवा. सासूबाई म्हणाल्या, त्याला काय धाड भरलीय? सर म्हणाले, तेच बघायचंय, आणि पिशवीतून रिकामी बाटली काढून ओट्यावर ठेवली. सासूबाई ती बाटली बघून अशा उठल्या, जनाबाई म्हणाली, जशी काय नागीनच बघितली.

संस्थेने काम पुढे वाढवलं नाही. निबंध मागे घेतलेल्या माणसाला कोण वाढवून देतं? लॅब बंद झाली. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. सर मोरिवलीला आणखी एका कारखान्यात छटा जुळवायला गेले. संशोधनाच्या पुस्तकात त्यांचं नाव कुठेही नाही, शोधू नका. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते बदलापूरला उतरून, टेंपोने, टेंपो नसला तर चालत, त्या पाड्यावर जात. पिशवीत एक रिकामी बाटली. ओट्यावर बसत, कोरा चहा घेत आणि विचारत, "दामू आहे का घरी?" दामू नसायचाच. ते आल्याचं कळलं की तो मागच्या दाराने शेताकडे पसार व्हायचा. अंबरनाथच्या बाजारात सर समोरून आले तर रस्ता बदलायचा. भातकापणी झाली, पुढची झाली, त्याच्या पुढची झाली. बघून ठेवलेली पोरगी दुसरीकडे नांदायला गेली. दुसरीचा विषय काढायचा म्हणजे त्या बाटलीचा विषय निघणार, आणि सासूबाईंना ते परवडणारं नव्हतं. सुमनला मूल झालं नाही. तिच्या आलेखात काही कमी नव्हतं, एवढंच मला माहीत आहे. ती त्या घरात राहिली. पुढे बचत गटाची प्रमुख झाली आणि घरातलं सगळं तिच्या शब्दावर चालायला लागलं.

मी एकदा सरांना म्हटलं होतं, "आता पुरे करा ना. तो काही द्यायचा नाही." सर म्हणाले, "नमुना अपूर्ण आहे, बाई." मला ते खरं वाटलं. इतकी वर्षं त्यांच्याजवळ काम करून मला ते खरं वाटलं. ते नमुन्यासाठी जात नव्हते हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी सर गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. पाड्यावर कुणी कळवलं नसेल म्हणून पुढच्या रविवारी मी गेले. रस्ता आता डांबरी झालाय, अर्ध्या वाटेपर्यंत इमारतींच्या पाट्या लागल्यात. सासूबाई पार वाकल्या आहेत, दिसतही कमी. सुमनने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की बाटलीवाले सायब वारले.  म्हातारी रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, "म्हंजे आता कोन यायचं नाय?"

सुमन आत वळली. चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला.

"मी येईन," मी म्हटलं. माझी ड्यूटी, घर, मुलाची बारावी, दर महिन्याला बदलापूरच्या पुढे जायला मला कुठून जमणार, हे मला म्हणतानाच माहीत होतं. तरी म्हटलं. आतापर्यंत दोनदा जाऊन आले.